बोटंवाली मावशी आणि पस्तीस वर्षांचं शून्य

सरकारी कृत्रिम अवयवांच्या कारखान्यात एकूण चौदा माणसं कामाला होती आणि त्यांतल्या तेरा जणांची ठाम समजूत होती, की कारखाना चालतो तो आपल्यामुळे. चौदावी बोटंवाली मावशी. अशी समजूत करून घ्यायला तिला वेळच मिळाला नव्हता.

कारखाना म्हणजे एका लांबट इमारतीचा तळमजला. मागच्या बाजूला पाय तयार होत, पुढच्या खोलीत हात, बोटं, कान आणि क्वचित एखादं नाक. पायवाले हातोडी, करवत, भट्टी असल्या दणदणीत संसारात रमलेले. ते स्वतःला इंजिनिअर समजत आणि पुढच्या खोलीतल्यांना नटवे, कारण इथले हात काही काम करत नसत. बाहीतून बाहेर डोकावावं, टेबलावर निवांत पडून राहावं आणि समोरच्याच्या नजरेला ठेच लागू देऊ नये, एवढीच त्यांची नोकरी.

"आमचा पाय माणसाला चालवतो," पायवाले म्हणत. "तुमचा हात काय करतो?"

"गप्प बसतो," मावशी म्हणे. "तुम्हाला जमत नाही ते."

तिची जागा उत्तरेच्या खिडकीपाशी. तिथला उजेड सकाळी-संध्याकाळी रंग बदलत नाही. पुढ्यात काचेचा तुकडा, रंग घोटायची बोथट सुरी, चारपाच केसांचे कुंचले आणि आधीच्या जन्मी औषधाच्या असलेल्या बाटल्यांत पूड. रबराचा कोरा हात परदेशातून येई, आकार आणि मूळ रंग तिकडूनच ठरलेला. त्या कोऱ्या हातावर मावशी माणूस चढवी. शिरा, पेरांवरच्या सुरकुत्या, नखाच्या मुळाशी असतो तो फिका चंद्र, तव्याचा जुना चटका. एका शिंप्याच्या तर्जनीवर तिने सुईच्या टोचण्या काढल्या होत्या. तो माणूस हात घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "मावशी, अंगठ्यावर पण दोन टोचा ना, नाहीतर लोकांना वाटेल मी नवशिका आहे."

कोरे हात मागवायचे ते एका पुस्तकातून. या पुस्तकाची कथा अशी, की फार पूर्वी दूरदेशीचे लोक इथे राज्य करत होते. त्यांच्याच कुठल्याशा लढाईत त्यांच्याच शिपायांचे हात गेले, म्हणून त्यांनी ते तयार केलं. पुढे ते लोक गेले. झेंडा उतरला, खुर्च्यांवर नवी माणसं बसली, रस्त्यांच्या पाट्या बदलल्या. पुस्तक तेवढं राहिलं. त्याला कुणी जा म्हणालंच नाही.

पुस्तकाचे भाग तीन. पहिला 'मानवी, पुरुष': सहा रंग, दुधापासून निघून फार तर पिकत आलेल्या गव्हापर्यंत पोचणारे. दुसरा 'मानवी, स्त्री': तेच सहा रंग, पण बोटं निमुळती, जन्मात कधी धुण्याला न लागलेली. तिसऱ्या भागाचं नाव 'गडद, कामगार'. त्यात रंग चार आणि आकार एकच, पुरुषाचा: रुंद पंजा, चौकोनी नखं, मनगटावर केस बसवायला बारीक भोकं. पहिल्या दोन भागांवरचा 'मानवी' हा शब्द तिसऱ्यावर नव्हता, आणि त्याची उणीव कुणाला भासलीही नव्हती. थोडक्यात, पुस्तकाच्या मते बाई गोरी असते, गडद माणूस कामगार असतो आणि कामगार पुरुष असतो. गडद रंगाची राबणारी बाई दोन पानांच्या मधल्या शिवणीत कुठेतरी पडलेली होती.

आता अशा बाया काही येणं थांबवणार नव्हत्या. विटा वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, यंत्रात बोटं गेलेल्या बाया यायच्याच. त्यांच्यासाठी मावशीने पहिल्याच वर्षी एक युक्ती काढली. अर्जावर 'स्त्री'च्या जागी ती सरळ 'पुरुष' लिही, गडद कोरा हात मागवी, आला की कडेने तासून बारीक करी, केसांची भोकं बुजवी, नखं गोल करी. बाईला तिचा हात मिळे, पुस्तकाचा मान राहे, आणि कुणाच्या बापाचं काही जात नसे. निदान मावशीला तसं वाटे.

रंग लावण्याआधी मात्र तिचा एक नेम होता. ती माणसाकडे बघून रंगाचं नाव ठरवत नसे. विचारत असे, "तुमच्या रंगाला तुमच्या घरी काय म्हणतात?"

लोक आधी बावचळत. असलं काही सरकारी खोलीत कुणी विचारतं का? मग हळूच सांगत. कुणी म्हणे, आजी म्हणायची ओल्या मडक्यासारखी आहेस. कुणी म्हणे, नदीतल्या दगडाचा, पण भरउन्हातल्या नाही, संध्याकाळच्या. एक जख्ख म्हातारा म्हणाला, "माझी बायको मला कंदिलाची काच म्हणायची. आतून उजेड आहे, पण पुसायला पाहिजे." एक बँकेतला कारकून बराच वेळ विचार करून म्हणाला, "पासबुकाच्या कव्हरासारखा." बिचाऱ्याने आयुष्यात दुसरं काही पाहिलंच नव्हतं. मावशी ते सगळं आपल्या वहीत लिहून ठेवी: माणूस कोण, काम काय, अवयव कोणता, रंगाचं घरचं नाव, आणि तो कुठली पूड किती घातल्यावर साधला. अर्ज सरकारचा, वही तिची.

हा नेम आला कुठून हे शोधायला फार लांब जायला नको. मावशी स्वतः गडद. शाळेच्या फोटोच्या दिवशी फोटोवाल्याने तिला दोनदा सरकवलं होतं, शेवटी चौकटीच्या पार कडेला नेलं आणि म्हणाला, "तू इथेच बरी, नाहीतर बाजूच्यांवर सावली येते." फोटो आला तेव्हा तिचा अर्धा खांदा तेवढा त्यात होता. तिच्या आईने तो फोटो चुलीत घातला आणि म्हणाली, "सगळ्यांचेच चेहरे वाईट आलेत."

एकोणिसाव्या वर्षी ती या कारखान्यात झाडूवाली म्हणून लागली. तेव्हा खिडकीपाशी थोरले मास्तर बसत. मोठा कसबी माणूस, पण मोतीबिंदू झालेला आणि ते कबूल करण्यापेक्षा मरण पत्करणारा. एकदा एका ड्रायव्हरसाठी केलेला कान त्यांनी डबीत ठेवला. ही झाडता झाडता म्हणाली, "मास्तर, हा कान त्यांचा नाही." मास्तर भडकले. "तुला काय कळतं? केर काढ." ती म्हणाली, "तो माणूस एका बाजूने उन्हात बसतो. खिडकीकडचा कान जास्त रापलेला असतो. तुम्ही आतल्या कानाचा रंग बाहेरच्याला दिलाय." मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि कुंचला दिला. झाडूवाली म्हणूनच तिचा पगार पुढे सहा वर्षं निघत राहिला, ही गोष्ट वेगळी.

तिचे यजमान बसचालक होते, आता निवृत्त. बोलायला एकदम वस्ताद. पाहुण्यांना सांगत, "आमची ही जगाला हात देते आणि मला बोट दाखवते." मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल लोक हळहळले की मावशी म्हणे, "मी आजवर हजार बोटं घातलीत जन्माला. तुमची दोन पोरं म्हणजे चाळीसच होतात." कुणी म्हणे पायाचीही धरून? ती म्हणे, "हो, सूट दिली तुम्हाला."

निवृत्तीला आठ महिने उरले असताना इस्त्रीवाली आली.

चाळिशीची बाई, उंच, एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. उजवा पंजा मनगटापासून नव्हता. चादरी वाळवून सपाट करायचे दोन तापलेले रूळ असतात, त्यांच्यात गेला. खुर्चीवर बसली ती अशी, की खुर्चीनेच तिला बोलावलंय.

मावशीने मोजमाप घेतलं. दवाखान्यातून आलेल्या कागदावर हाताच्या उरलेल्या टोकाचा नकाशा होता, तो ताडून पाहिला. जुळला. हे ताडून पाहणं कारखान्याचंच काम, आणि हात दिल्यावर तसा शिक्क्याचा कागदही कारखानाच देई. मग सवयीने अर्ज पुढे ओढला आणि सवयीनेच लिहिलं, 'पुरुष'.

"काय लिहिलंत?" इस्त्रीवालीने विचारलं.

"ते आपलं कागदापुरतं. रंग बरोबर यायला."

"वाचता येतं मला. खोडा ते."

"अहो, सगळ्यांचं असंच लिहिते मी. काळजी करू नका, हात बाईचाच होईल."

"हाताचं मरू द्या," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "कागद बाईचा झाला पाहिजे."

मग तिने सांगितलं ते असं. रुळांच्या यंत्रावर फक्त पुरुष ठेवायचे असा नियम. पण पुरुष जास्त पगार मागतात, म्हणून मुकादमाने तिला तिथे उभं केलं. हजेरीपटावर मथळा 'पुरुष यंत्रकामगार', खाली नुसते नंबर. ती एकोणीस नंबर. चार वर्षं ती एकोणीस होती. हात गेला तेव्हा लाँड्रीच्या कारकुनाने दवाखान्यातला कागद हजेरीपटावरून उतरवून काढला: नंबर एकोणीस, पुरुष, उजवा हात. आता भरपाई मागायला गेल्यावर लाँड्रीवाले म्हणतात, आमच्या यंत्रावर बाई नव्हतीच. हात गेला तो एकोणीस नंबरच्या माणसाचा. तुम्ही कोण?

"दवाखान्यात गेले, तर म्हणाले, लिहिलंय ते लिहिलंय," ती म्हणाली. "तीन आठवड्यांनी कामगार कार्यालयात सुनावणी आहे. हा तुटलेला हात आणि ही बाई एकच आहे, एवढं सांगणारा एकच कागद उरलाय. तुमचा. त्यावर पण पुरुष लिहिलंत, तर मावशी, मी नक्की कुठे आहे ते मलाच शोधायला लागेल."

मावशीने पेन खाली ठेवलं. मग पुस्तकाप्रमाणे 'स्त्री'चा सगळ्यात गडद, सहा नंबरचा कोरा हात कपाटातून काढून तिच्या मनगटाजवळ धरला. दोघींनी पाहिलं.

"मालकीणबाईंचा उसना आणलाय," इस्त्रीवाली म्हणाली, आणि पहिल्यांदाच थोडी हसली. "हा घालून सुनावणीला गेले तर म्हणतील, बघा, हातसुद्धा हिचा नाही."

फिक्या रबरावर गडद रंग चढवता येतो, पण टिकत नाही. चारसहा महिन्यांत पेरांवर पोपडे सुटतात आणि आतून दुसरंच कुणीतरी डोकावायला लागतं. मावशी असलं काम करणारी नव्हती.

तिने मॅडमना गाठलं. कारखान्याच्या प्रमुख म्हणून मॅडम वर्षभरापूर्वीच आलेल्या. तरुण, मनाने चांगल्या, नियमांवर आईची माया करणाऱ्या. एखादी गोष्ट नियमात बसत नसली की त्यांना खरोखर वाईट वाटे, त्या गोष्टीबद्दल.

"मॅडम, गडद रंगाचा, बाईच्या आकाराचा कोरा हात मागवता येईल का?"

"पुस्तकात नाही मावशी."

"नाही, म्हणूनच विचारते. घाला म्हणावं पुस्तकात."

"मागणी दाखवावी लागेल." मॅडमनी उत्साहाने संगणक उघडला. जुने सगळे अर्ज त्यांनीच त्यात भरून घेतले होते आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. बटणं दाबली, वाट पाहिली आणि चेहरा पाडून म्हणाल्या, "नाही हो. या गटातल्या बायका आपल्याकडे येतच नाहीत. हे बघा, पस्तीस वर्षांत एक पण नाही. शून्य."

पडद्यावर खरोखर शून्य होतं. चांगलं गोल, ठसठशीत.

मावशी त्या शून्याकडे बघत उभी राहिली. विटा वाहणारी, जिला ओल्या मडक्याचा रंग हवा होता. शाळेत भांडी घासणारी, तिची दोन बोटं. ती गिरणीतली, जिने नवा हात आधी पोराच्या डोक्यावरून फिरवून पाहिला. सगळ्या येऊन गेल्या होत्या, याच खुर्चीत बसल्या होत्या, आणि त्यांतली एकही कधी आलेली नव्हती. पुस्तकाने त्यांना आत घेतलं नव्हतं हे खरं. पण त्यांना बाहेर काढणारं पेन पुस्तकाचं नव्हतं. ते तिच्या पदराला खोचलेलं होतं.

दुपारच्या सुट्टीत ती साचेकाकांजवळ जाऊन बसली. साचेकाका म्हणजे साचे ओतणारे, तिच्याच वयाचे, तोंडाचे फटकळ आणि हाताने हळवे. डबा उघडून तिने सगळं सांगितलं.

"मग? आता काय करणार?" साचेकाका.

"सांगणार मॅडमना. वह्या दाखवणार."

"शहाणी आहेस. आठ महिने राहिलेत. सरकारी कागदावर पस्तीस वर्षं खोटं लिहिलं म्हणून सांगणार? पेन्शन काय चुलत्याच्या घरून येतं?"

"मी चांगल्यासाठी केलं होतं."

"तेच म्हणतोय. चांगल्यासाठी केलंस ना, मग झाकून ठेव. चांगलं असंच ठेवतात."

"ती बाई कुठे आहे ते शोधतेय, काका. आणि मी तिला परत पुरुष लिहू?"

साचेकाका घास तसाच हातात धरून बसले. मग चिडून म्हणाले, "मला काय विचारतेस? मी माझ्या बायकोला विचारल्याशिवाय चहा घेत नाही."

घरी तिने यजमानांना सांगितलं. तो बोलघेवडा माणूस त्या दिवशी एकही विनोद न करता एवढंच म्हणाला, "आपलं भागेल." याहून मोठी गोष्ट तो आयुष्यात बोलला नव्हता आणि हे त्यालाही कळलं असावं, कारण लगेच उठून तो झाडांना पाणी घालायला गेला. झाडांना सकाळीच घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीने मॅडमच्या टेबलावर वह्या ठेवल्या. एकूण नऊ. "शून्य नाही मॅडम," ती म्हणाली. "दोनशे सात. मी रात्रीतून वाढवलेल्या नाहीत, तारखा ताडून बघा."

मॅडमनी दोन वह्या चाळल्या. दार लावून घेतलं. पाणी प्यायल्या.

"मावशी, तुम्ही हे मला सांगितलंच नसतंत तर?"

"तर शून्यच राहिलं असतं."

"मला वर कळवावं लागेल. तुमची चौकशी होईल."

"होऊ दे. पण त्याआधी तो हात."

मॅडम उठल्या. मग नियमांचं जाडजूड बाड काढून, जणू घरातलंच कुणी हरवलंय अशा तन्मयतेने, त्या तासभर शोधत राहिल्या. शेवटी बोट ठेवलं: 'विशेष बाब म्हणून अवयव कारखान्यातच संपूर्ण तयार करता येईल.' तिशी उलटली होती त्या कलमाला आणि आजवर कुणी त्याचा फायदा घेतला नव्हता. "बसतंय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साचेकाकांनी इस्त्रीवालीचा डावा हात समोर ठेवून, आरशात बघत, मेणाचा उजवा घडवला. दोनदा चुकले, तीनदा शिव्या घातल्या, त्याही आरशाला. पण साचा झाला तो तिचाच: रुंद पंजा, लांब बोटं, करंगळीला जरा बाक, नखं आखूड आणि कडेने जाड. पुस्तकाच्या तिन्ही भागांत असा हात कुठेच नव्हता आणि रस्त्यावर दर दहा पावलांवर होता.

मग मावशी काचेसमोर बसली, इस्त्रीवालीचा डावा हात खिडकीच्या उजेडात ठेवून घेतला आणि नेमाप्रमाणे विचारलं, "तुमच्या रंगाला तुमच्या घरी काय म्हणतात?"

"कशाला पाहिजे?"

"लिहून ठेवते मी. कुणी सांगतं मडक्यासारखा, कुणी दगडासारखा."

इस्त्रीवालीने भिंतीवरच्या रंगांच्या तक्त्याकडे मान वळवली. "त्या वरच्या, पहिल्या रंगाला काय म्हणतात?"

"तो? तो मानवी. मानवी एक."

"तो कशासारखा म्हणून नाही लिहिलेलं? पिठासारखा, चुन्यासारखा?"

"नाही. नुसतं मानवी."

"मग त्यालाच कशासारखं व्हायला लागत नाही, आणि आम्ही मात्र मडकी आणि दगड?" ती म्हणाली. "माझ्यापुढे पण तेच लिहा. मानवी. स्त्री. आणि नंबर घालू नका, नंबर झालाय माझा एकदा."

पस्तीस वर्षं आपण किती मायेने विचारतो, याचं मावशीला मनातून कौतुक होतं. त्या कौतुकाला आज कुणीतरी हलकेच टाचणी लावली होती. वाईट वाटलं, आणि पटलंही. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मडकी वाईट नसतात पण."

"मी कुठे म्हटलं वाईट? ज्याला मडकं व्हायचंय त्याने व्हावं. मला विचारलंत म्हणून सांगितलं."

अर्जावर मावशीने लिहिलं: 'स्त्री. त्वचा: मानवी.' संगणकाने दोनदा नाकारलं, कारण पुढे नंबर नव्हता. मॅडमनी कागद हाताने लिहून त्यावर सही केली आणि शिक्का मारला.

सुनावणीत मावशीलाही बोलावणं आलं. खोली लहान, पंखा खडखडणारा, टेबलामागे कामगार अधिकारी. लाँड्रीच्या वकिलाने कागद हातात घेतला आणि मावशीकडे वळून गोड आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही पस्तीस वर्षं सरकारी अर्जांवर खोटं लिहीत होतात, हे खरं?"

चौकशीची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती. इस्त्रीवालीने खाली पाहिलं.

"खरं," मावशी म्हणाली.

"मग या एका अर्जावर खरं लिहिलंय यावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका," मावशी म्हणाली. "नकाशा ठेवलाय सोबत. बाईंचं मनगट इथे आहे. ताडून बघा. माझ्या लिहिण्यावर जाऊ नका आणि यांच्या हजेरीपटावर पण जाऊ नका. दोन्हीकडे एकच गोष्ट झालीय. बाई समोर उभी होती आणि लिहिणाऱ्याने पुरुष लिहिलं. मी मायेने लिहिलं, यांनी पगार वाचवायला लिहिलं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, साहेब. म्हणूनच मला कळतं ते कसं होतं."

वकील हसला. अधिकारी हसला नाही. त्याने नकाशा मागितला आणि इस्त्रीवालीला पुढे यायला सांगितलं. तिने नवा हात काढून टेबलावर ठेवला. तो तिथे असा पडला, की अधिकाऱ्याने नकळत आपला चहाचा कप बाजूला सरकवला, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. मग त्याने बराच वेळ मनगट आणि कागद पाहिला.

निकाल महिन्याभराने आला. यंत्रावर काम करणारी व इजा झालेली व्यक्ती म्हणजे सदर स्त्रीच, असं त्यात होतं. इस्त्रीवालीने मावशीच्या खिडकीपाशी येऊन ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, पायवाल्यांनाही ऐकू जाईल असं. हात तिने पिशवीत ठेवला होता. "गरम होतं हो त्यात," ती म्हणाली. "कुठे जायचं असलं की घालते. लोक तोंडाकडे बघून बोलतात तेव्हा. एरवी नको वाटतो."

"बिघडला तर आणा," मावशी म्हणाली.

मावशीची चौकशी पाच महिने चालली. ताशेरे ओढले गेले, एक वेतनवाढ गेली, निरोपाचा समारंभ ठरला होता तो रद्द झाला. पायवाल्यांनी हारासाठी जमवलेल्या वर्गणीचं काय करायचं यावर त्यांच्यात आठवडाभर भांडण झालं. चौकशीचा शेवटचा हुकूम मात्र असा होता: संबंधित कर्मचाऱ्याने दोनशे सातही अर्ज दुरुस्त करावेत, प्रत्येक अर्जदाराची सही घेऊन, निवृत्तीपूर्वी.

वर बसलेल्यांना ती शिक्षा वाटली होती. मावशीने पिशवीत अर्ज भरले, यजमानांना बरोबर घेतलं आणि दारोदार फिरायला लागली. काही पत्ते सापडले नाहीत. काहींनी दार उघडून, कागद बघून पुन्हा लावून घेतलं. एकीने स्पष्ट सांगितलं, असू दे पुरुष, मला कुठे मिरवायचंय.

विटा वाहणारी मात्र सापडली. आता खूप म्हातारी, उन्हात चौथऱ्यावर बसलेली, रबराचा हात मांडीवर. रंग थोडा उडाला होता, पण टिकला होता. मावशीने समजावून सांगितलं. म्हातारी आधी नीट ऐकेना, मग ऐकलं आणि एवढी हसली, की ठसका लागला.

"अगं बाई! मी पुरुष होते आणि मला कुणी सांगितलं पण नाही! मजुरी तरी तशी घेतली असती गं!"

मावशीचे यजमानही हसले. मावशी हसली नाही. तिने पेन काढून पुढे केलं.

म्हातारी सही करता करता थांबली. "बाकीच्यांचं पण असंच?"

"हो."

"त्यातल्या गेल्या किती?"

"बऱ्याच. त्यांची सही कुठून आणायची ते अजून कुणी सांगितलं नाही."

म्हातारीने कागद तसाच परत दिला. "मग आधी त्यांचं बघ," ती म्हणाली. "आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही तोंडाने सांगू."

मावशी तिथेच चौथऱ्यावर बसली आणि पिशवीतले अर्ज बाहेर काढून वेगळे लावायला लागली.